‘लवदार’ पान की ‘केसाळ’? (कीड आणि पानाचा पृष्ठभाग)

रामबाग, इंदूर: निमाडातल्या कापसावरच्या हिंदी पत्रकाचं मराठी करतेय. ‘रोएँदार पत्ती वाली किस्मों में हरा मच्छर कम लगता है’ याचं मी ‘लवदार पानांच्या वाणांवर तुडतुडे (पानांतला रस शोषणारी कीड) कमी’ असं केलं. कुणी ‘केसाळ’ सुचवतंय, कुणी ‘खरबरीत’. काय ठेवू?

सुदामानगर: ताई, ‘खरबरीत’ आधी काढा. उसाचं पानही खरबरीतच, पण ते काठावरच्या सिलिकायुक्त दातांमुळे. लव म्हणजे आखूड, मऊ. केस म्हणजे लांब, सुटे दिसणारे. कापसात हा फरक कामाचा आहे. तुडतुड्याची मादी पानाच्या मागच्या बाजूला, शिरेच्या आत अंडी घालते. केस लांब आणि दाट असले की तिचा अंडी घालण्याचा अवयव शिरेत नीट रुतत नाही, पिल्लांनाही रस शोषायला टेकता येत नाही. नुसत्या आखूड लवेचा तेवढा उपयोग नाही. म्हणून ‘दाट, लांब केसांची पानं’ असं उलगडूनच लिहा.

वाण ताडून पाहायचा तर वरून तिसरं पान घ्या, मागची बाजू बाहेर ठेवून बोटावर दुमडा आणि घडीची कड उजेडात धरून मधल्या शिरेजवळ दहापटीच्या भिंगातून बघा. अगदी शेंड्याचं पान नको. उलगडत्या पानावर सगळ्याच वाणांची लव दाट भासते. पान पसरलं की ती विरळ होते.

मल्हारगंज: ‘हरा मच्छर’चा ‘हिरवा डास’ केला नाहीत, हेच पुष्कळ! आणखी एक. तुडतुड्यांचं नाव वाक्यातून गाळून ‘कीडप्रतिकारक वाण’ असं मोघम करू नका. त्याच केसाळ पानावर पांढरी माशी जास्त बसते, बोंडअळीचा पतंगही अंडी घालायला असंच पान पसंत करतो. गुळगुळीत पानाचा वाण घ्यावा तर तुडतुडे पानांच्या कडा पिवळ्या करून मुरडतात, पुढे पान लाल पडतं.

रामबाग: पटलं. पुढे ज्वारीची ‘चमकदार पत्ती’ आणि कोबीची ‘मोमी परत’ आहे. दोन्हींना ‘मेणचट’ चालेल?

सुदामानगर: नाही, इथेच घोटाळा होतो. मेण म्हटलं की तुकतुकीत काहीतरी डोळ्यांपुढे येतं. कोबीच्या पानावर निळसर-पांढुरकी भुकटी दिसते आणि बोटाने पुसली जाते, ते मेण. म्हणजे मेण भरपूर तर पान निस्तेज. मेण कमी तर गडद हिरवं, चकचकीत. अशा चकचकीत पानावर चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या नुकत्या निघालेल्या अळ्या स्थिरावत नाहीत, भटकत राहतात आणि पुष्कळशा मरतात. ‘मेणाचा पांढुरका थर’ लिहा. फवारणीचा मजकूर असेल तर त्यात स्टिकरचा, म्हणजे औषध पानाला चिकटून राहावं म्हणून मिसळायच्या द्रव्याचा, उल्लेख हवा. या थरावरून थेंब ओघळून जातात.

ज्वारीला ‘चकचकीत पान’ पुरे, पण ‘रोपावस्थेत’ हा शब्द गाळू नका. खोडमाशीचा धोका उगवणीनंतर साधारण पहिले चार आठवडे असतो. अंडी पानाच्या खालच्या बाजूला असतात. अळी निघते आणि पोंग्याच्या, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या, पानावरच्या ओलाव्यातून खाली उतरते. चकचकीत वाणांत हा ओलावा कमी, त्यामुळे तिची वाट अवघड होते. मालदांडी हा ज्वारीचा वाण हे ओळखीचं उदाहरण. आणि अळीमुळे पोंगा वाळतो त्या ‘डेड हार्ट’चं ‘मृत हृदय’ नको, ‘पोंगेमर’.

रामबाग: शेवटचं, हरभऱ्याचे ‘ग्रंथिल रोम’?

मल्हारगंज: एकदा ‘ग्रंथियुक्त केस’ लिहा आणि त्यांतून पाझरतं त्याला पुढे सरळ ‘आंब’ म्हणा. पहाटे फडकं फिरवून गोळा करतात तोच हा आंबट स्राव, मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांचा. ऑक्झॅलिक जास्त असलं तर घाटेअळीची वाढ खुंटते. जोराच्या पावसाने आंब धुऊन जाते, म्हणून पाऊस उघडल्यावर घाटे आणि शेंडे तपासा, ही सूचना त्याच परिच्छेदात घाला.