रोज एक इंग्रजी शब्द पाठ करतोय, पण वेळेवर तोंडात एकही येत नाही. मदत हवी आहे

सरकीवाला

नमस्कार मंडळी. मी सेलूत (जि. परभणी) एका कृषी सेवा केंद्रावर नऊ वर्षांपासून काउंटरला आहे. बी. ए. झालोय, मराठी माध्यम. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासूनचं २००० साली आलं. वाचता येतं, पण अडखळत. कंपनीचे लोक ग्रुपवर इंग्रजीत लांबलचक मेसेज टाकतात आणि मी खाली अंगठा टाकून मोकळा होतो. मुलगी सहावीला आहे, सेमीला. तिनं विज्ञानातला एखादा शब्द विचारला की मी म्हणतो, "थांब, एवढं गिऱ्हाईक करून सांगतो", आणि मग ती पण विसरते, मी पण विसरतो. ती विसरत नसावी, असं आता वाटायला लागलंय.

म्हणून संक्रांतीपासून रोज एक शब्द असं ठरवलं. एक ॲप सकाळी सहाला शब्द पाठवतं. तो डायरीत उतरवायचा, डावीकडं शब्द, उजवीकडं मराठी अर्थ. एक दिवस खाडा नाही, लग्नसराईतसुद्धा नाही. परवा मोजले तर १३२ झाले. बायकोनं डायरी हातात घेतली, मराठी बाजू वाचत गेली आणि इंग्रजी विचारत गेली. १३२ पैकी १९ आले. त्यातले सहा मला आधीपासून येत होते.

त्याहून वाईट म्हणजे जे येतात ते वापरले की घोटाळा होतो. डायरीत 'ॲट लास्ट' समोर 'शेवटी' असं लिहिलंय. मागच्या आठवड्यात एरिया मॅनेजरला मेसेज केला: बिल्टी मिळाली, माल उतरवून घेतला, ॲट लास्ट प्लीज सेंड बिल. पाच मिनिटांत त्यांचा फोन. "अहो भाऊ, रागावलात का? बिल तर कालच टाकलंय ग्रुपवर." मी म्हणालो, रागावलो नाही साहेब, शेवटी बिल पाठवा एवढंच म्हणायचं होतं. ते हसले. मला अजून कळलेलं नाही चुकलं काय.

तर विचारायचं असं की रोज एक शब्द ही पद्धतच फोल आहे, की माझं डोकं? आणि लक्षात राहण्यासाठी तुम्ही लोक नेमकं काय करता? क्लास लावा म्हणू नका. दुकान सकाळी नऊ ते रात्री आठ, आणि आता पेरणी तोंडावर आलीय.

तूरडाळ

१३२ म्हणजे मायंदाळ झाले की! एकदोन शब्द नमुन्याला टाका, बघू ॲप काय शिकवायलंय.

सरकीवाला

हे घ्या, मागच्या आठवड्यातले: सेरेन्डिपिटी, एफेमरल, युबिक्विटस, प्रोक्रॅस्टिनेट.

तूरडाळ

सेरेन्डिपिटी एकरी किती मिली मारायची भाऊ? बोंडअळीवर चालते का?

निवृत्त_मास्तर

चेष्टा बाजूला ठेवू. मी अंबाजोगाईजवळच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि तुमची 'ॲट लास्ट'ची चूक दरवर्षी निदान दहा वह्यांत तपासली. दोष तुमच्या डोक्याचा नाही. 'शेवटी' हा आपला शब्दच फार कामाचा आहे, चार घरची धुणीभांडी एकटा करतो.

असं बघा. पावसानं महिनाभर ओढ दिली आणि मग एका रात्री कोसळला. आपण काय म्हणतो? "पडला बाई एकदाचा." ते 'एकदाचा' म्हणजे ॲट लास्ट. त्यात वाट बघून कंटाळल्याचा सुस्कारा आहे. म्हणून तुमच्या साहेबांना वाटलं, बिलासाठी यांना ताटकळत ठेवलं म्हणून चिडले. तुम्हाला म्हणायचं होतं 'आणि शेवटचं सांगायचं म्हणजे'. त्याला लास्टली. दोन भाऊ आधी भांडले, मग बोलेनासे झाले, आणि होता होता वाटणी झाली, हे 'होता होता' म्हणजे इव्हेन्च्युअली. फायनली मात्र थोडं सगळीकडं चालतं, अडलं तर तेच वापरा.

चारही शब्दांसमोर डायरीत 'शेवटी' लिहिलं तर चारही बाद. म्हणून एका शब्दासमोर एक अर्थ लिहू नका, एक प्रसंग लिहा. 'ॲट लास्ट: पडला एकदाचा.' एवढं पुरे.

'उसनं'चंही तेच. आपण उसनं आणतो आणि उसनं देतो, शब्द एकच. इंग्रजीत आणणाऱ्याचं बॉरो, देणाऱ्याचं लेंड. तुमच्या दुकानात तर हे दोन्ही दिवसभर चालत असेल.

अभ्यासिका_नांदेड

बँकेच्या परीक्षेसाठी तीन वर्षं अभ्यासिकेत बसलेला माणूस बोलतोय. (लागलो नाही, पण इंग्रजी सुधारलं.)

दादा, तुमची चूक डायरीतच आहे. शब्द आणि अर्थ शेजारी शेजारी दिसले की वाटतं आपल्याला येतंय. रस्त्यात चेहरा ओळखणं वेगळं आणि नाव आठवणं वेगळं. वाचू नका, स्वतःला विचारा. वहिनींनी जे केलं तीच खरी पद्धत, फक्त ती १३२व्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवसापासून करायची.

एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं बिनअर्थाची अक्षरं स्वतः पाठ करून, स्वतःच किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ साली छापलं. विसरणं पहिल्या काही तासांत आणि पहिल्या एकदोन दिवसांत सगळ्यात जोरात होतं, मग मंदावतं. म्हणजे उजळणी तिथंच पाहिजे. महिन्यानं डायरी चाळून काही होत नाही.

मी काय करायचो: घरी आलेल्या लग्नपत्रिकांचा कोरा भाग कापायचा. एका बाजूला इंग्रजी, मागं मराठी प्रसंग (मास्तर म्हणतात तसा). तीन खोकी. पहिल्यातले कार्ड रोज, दुसऱ्यातले तीन दिवसांनी, तिसऱ्यातले आठवड्यानं. आलं की पुढच्या खोक्यात, चुकलं की कितीही पुढं गेलेलं असो, परत पहिल्यात. ही युक्ती माझी नाही, सेबास्टियन लाइटनरनं १९७२ साली लोकप्रिय केलेली आहे, त्याची खोकी पाच होती. माझ्या रॅकवर तीनच मावली. आणि मराठी बाजू वर ठेवून इंग्रजी आठवायचं, उलटं नाही. उलटं सोपं जातं म्हणून सगळे उलटंच करतात.

सरकीवाला

खोकी दुकानात पाहिजे तेवढी आहेत! मास्तर, 'पडला एकदाचा' वाचून डोक्यात लख्ख पडलं. पण शब्द कुठले घ्यायचे? ॲप बंद करू का?

दुधनाकाठ

ॲप आजच काढून टाका. मी कृषी पदवीधर आहे, तुमच्यासारख्याच दुकानांत येणं-जाणं असतं म्हणून लिहिते. तुम्ही इंग्रजी शब्दांच्या ढिगावर बसून इंग्रजी शब्द बाहेर शोधताय.

मागं वळून रॅककडं बघा. फवारणीच्या औषधाच्या प्रत्येक बाटलीवर तिरक्या चौकोनात खालचा त्रिकोण रंगवलेला असतो. लाल आणि पिवळ्यावर 'पॉइझन', लालवर कवटीसुद्धा. निळ्यावर 'डेंजर'. हिरव्यावर 'कॉशन'. नऊ वर्षं हे बघताय. खरं सांगा, कॉशनचा अर्थ कधी बघितला? तो कळला की खाली 'प्रिकॉशन्स' लिहिलेलं असतं तेही उलगडतं, आणि 'कॉशस' फुकटात मिळतो. एका शब्दाच्या बोटाला धरून घरातली बाकीची येतात.

तुम्ही दिवसभर 'ईसी द्या', 'डब्ल्यूपी द्या' म्हणत असाल. डब्ल्यूपी म्हणजे वेटेबल पावडर. वेट म्हणजे ओलं, एबल म्हणजे होण्याजोगं. पाण्यात भिजवण्याजोगी भुकटी. एसएलमधला एस म्हणजे सोल्युबल, विरघळण्याजोगं, आणि तुमच्या मुलीच्या विज्ञानातलं डिझॉल्व्ह त्याच घरचं. ईसी पाण्यात ओतलं की दुधाळ पांढरं होतं ना? तेच इमल्शन. ई म्हणजे इमल्सिफायेबल. हे तुम्ही हजार वेळा बादलीत बघितलंय, फक्त नाव माहीत नव्हतं. असा शब्द विसरायचा म्हटलं तरी विसरत नाही.

सिस्टिमिकला आपण आंतरप्रवाही म्हणतो, कॉन्टॅक्टला स्पर्शजन्य. वेटिंग पिरियड म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात सोडायचे दिवस. भाजीपालावाल्यांना हा शब्द सांगणं तर तुमचं कामच आहे, आणि बहुतेक दुकानांत कुणी सांगत नाही. हे रागानं लिहितेय, तुमच्यावर नाही.

एक डबा, एक दिवस, एक शब्द. सेरेन्डिपिटी नंतर.

निवृत्त_मास्तर

ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. त्याला जोडून एवढंच की लेबलाच्या इंग्रजीनं मेसेज लिहिता येणार नाही, त्यासाठी साधे शब्द लागतात. मायकेल वेस्ट नावाचे शिक्षक ढाक्याला शिकवायचे. आपल्याकडच्या पोरांना इंग्रजी वाचता यावं म्हणून त्यांनी वापरातल्या शब्दांवर बरंच काम केलं. त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी १९५३ साली छापली गेली. साध्या मजकुरातले शंभरातले ऐंशीएक शब्द त्यातच येतात. रोज एक धरला तर साडेपाच वर्षं लागतील, पण घाबरू नका, त्यातले अर्धे तरी तुम्हाला आताच येत असतील. गेट, पुट, टेक, कीप असले चिल्लर शब्द आपण शिकतच नाही, आणि गाडं तिथंच अडतं.

तूरडाळ

आमच्या आज्याची शाळा निजामाच्या राज्यातली. घरात मराठी, वर्गात उर्दू. १९४८ ला राज्य गेलं, पण म्हातारा मरेपर्यंत जमिनीच्या जुन्या कागदावरचा शब्द न् शब्द लावायचा. गझल-बिझल काही येत नव्हती. धुऱ्याचं (शेताच्या बांधाचं) भांडण होतं, म्हणून कागद वाचायला शिकला. ताईंचं वाचून त्याची आठवण झाली.

आणि गंमत म्हणजे इंग्रजांचा मुंगूससुद्धा आपलाच आहे. मॉन्गूस हा शब्द त्यांनी मराठीतून नेलाय, त्यांचे शब्दकोशच सांगतात. सरकीवाले भाऊ, एक शब्द तुमचा बिनपाठ झाला.

सरकीवाला

मंडळी, उशिरा आलो, माफ करा. पेरणीत दोन महिने मान वर करायला वेळ नव्हता. कार्डं पण पंधरा दिवस तशीच पडली होती, खोटं कशाला बोलू. पण काउंटरखाली सोयाबीन बियाण्याची तीन खोकी ठेवलीत आणि सध्या ६४ कार्डं आहेत. परत पहिल्या खोक्यात येणाऱ्यांत 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' हे दोघं कायमचे राहायला आलेत.

एक सांगायचंय. मागच्या मंगळवारी वालूरकडचा एक शेतकरी कापसाचं झाड उपटून घेऊन आला. पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, निमुळती. म्हणाला, व्हायरस आलाय, औषध द्या. विचारलं तर कळलं, शेजाऱ्यानं आठ दिवसांपूर्वी धुऱ्यावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलेलं, वारा याच्या बाजूला. कंपनीच्या साहेबांना फोटो टाकला आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं: नॉट व्हायरस. ड्रिफ्ट फ्रॉम नेबर फील्ड. हर्बिसाइड. 'ड्रिफ्ट' (वाऱ्यानं उडून आलेला फवारा) हा शब्द त्याच आठवड्यात एका तणनाशकाच्या माहितीपत्रकावरून घेतलेला. साहेबांचं उत्तर आलं: करेक्ट, डोन्ट सेल हिम एनीथिंग. बाराशे रुपयांचं गिऱ्हाईक गेलं, मालक दिवसभर गप्प होते. पण मेसेज कळला, आणि साहेब नाराज आहात का म्हणाले नाहीत.

घरी मुलगी आता माझी कार्डं विचारते. बायकोपेक्षा कडक आहे.

आता तिनंच एक अडचण काढलीय, ती इथं टाकतो. मी कार्डावर 'लावणे' लिहिलं आणि मागं 'प्लांट' लिहिलं. ती म्हणाली, बाबा, रोप लावणे प्लांट, मग मोटार लावणे? दिवा लावणे, दार लावणे, गाडी सावलीत लावणे, भाव लावणे, चष्मा लावणे? हे एकाच कार्डावर मावेना. मास्तर, इथं प्रसंग किती लिहायचे?

निवृत्त_मास्तर

अरे देवा. प्रत्येकाला वेगळं कार्ड करा. दार लावण्यापासून सुरुवात करा, ते रोज रात्री आठला करताच.

तूरडाळ

आणि पत्रिका कमी पडल्या तर कळवा. आमच्याकडं यंदा चार लग्नं झालीत.