मदत हवी आहे: एमडी अॅनेस्थेशिया झालंय, ईईजीवर पीएचडी करायची आहे

मंडळी,

मी भूलतज्ज्ञ, एका सरकारी मेडिकल कॉलेजात सहायक प्राध्यापक. बढतीला पीएचडी लागत नाही हे ठाऊक आहे. 'मग कशाला हा उपद्व्याप?' हे घरी आणि डिपार्टमेंटमध्ये भरपूर ऐकून झालंय, तेवढा सल्ला सोडून बोला.

विषय पक्का आहे: भुलेखालच्या पेशंटचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनला येणाऱ्या सत्तरीपुढच्या पेशंटच्या कपाळावर बिसची (भूल किती गाढ आहे हे मोजणाऱ्या यंत्राची) पट्टी लावली की मॉनिटर 0 ते 100 मधला एक आकडा दाखवतो; आकडा जितका कमी, तितकी भूल गाढ. 40 ते 60 मध्ये असला की सगळे निर्धास्त. पण खालची ईईजीची रेघ बघा. प्रोपोफॉल या भुलेच्या औषधावर तरुणांत 8 ते 12 हर्ट्झच्या ठळक लाटा दिसतात, म्हाताऱ्यांत त्या पार क्षीण. केटामाइन हे दुसरं भुलेचं औषध दिलं तर पेशंट झोपलेलाच आणि आकडा मात्र वर! ऑपरेशननंतर कोणाला डिलिरियम (अचानक येणारा तात्पुरता भ्रम) होणार, हे त्या रेघेवरून आधी ताडता येईल का, हा माझा प्रश्न. 2019 च्या एन्गेजेस चाचणीत ईईजी बघून भूल बेतली, तरी डिलिरियम घटला नाही (26 टक्के, नेहमीच्या पद्धतीत 23). म्हणून तर जास्तच डोक्यात बसलंय.

घोडं अडतं गणितापाशी. भुलेखालच्या ईईजीवर काम करणारे अमेरिकेतले एमरी ब्राऊन भूलतज्ज्ञ आणि वर संख्याशास्त्रात पीएचडी. आमचं गणित बारावीला सुटलं ते सुटलंच.

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून नोकरी सांभाळून करावं, तर सिग्नल प्रोसेसिंग (अशा लहरींचं गणिती विश्लेषण) जाणणारा गाइड कुठून आणू? इंजिनीअरिंगचा को-गाइड कोणी घेतलाय का? दुसरा विचार नेदरलँड्सचा. पण इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरबाहेर राहिले तर हाताची सवय जाईल, ही धास्ती आहे. तिथल्या प्राध्यापकांना पहिल्या मेलमध्ये काय पाठवतात? जवळ एकच पेपर आहे, एमडीच्या थिसिसचा, तोही स्पायनलवर, म्हणजे पाठीच्या कण्यात देतात त्या भुलेवर.

प्रतिसाद:
डॉक्टर, नेदरलँड्समध्ये पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा पगारी नोकरीच. जागांच्या जाहिराती निघतात, त्यावर लक्ष ठेवा. स्पायनलचा पेपर बिनधास्त जोडा. एथिक्स कमिटीपासून छापून येईपर्यंत एक काम तडीस नेलंत, एवढं त्यातून दिसतं. पण त्याआधी दक्षिण कोरियातल्या सोल राष्ट्रीय विद्यापीठ रुग्णालयाचा व्हायटलडीबी हा डेटाबेस उघडा. सहा हजारांवर ऑपरेशनांची नोंद, फुकट, आणि बऱ्याच केसेसमध्ये बिसची कच्ची ईईजीसुद्धा. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तरुण आणि म्हाताऱ्या पेशंटचे स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या वेळी कुठल्या हर्ट्झच्या लाटा किती जोरात, हे दाखवणारे रंगीत आलेख) काढून शेजारी शेजारी ठेवा, मेलला तेच चित्र जोडा. गणित झेपतंय का, तेही तिथेच कळेल. को-गाइडचं मात्र जाणकारांनी सांगावं.