मदत हवी आहे: वीज जाऊन आली की सर्व्हरचं मॅनेजमेंट पोर्ट गायब, वर सर्टिफिकेटचं लफडं

मंडळी, मी पुण्यात आणि सर्व्हर कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात. तिथे आयटीचं कोणी नाही. स्टोअरमधले काका सांगितली ती केबल काढून लावतात, तेवढाच आधार. त्यामुळे सगळी भिस्त बीएमसीवर. मुंबई महापालिका नव्हे, मदरबोर्डवरचा छोटा कंट्रोलर, ज्यातून सर्व्हर दुरून सांभाळता येतो. सर्व्हर बंद असला तरी स्टँडबाय विजेवर हा जागा असतो.

त्याचं वेगळं पोर्ट स्विचच्या ११ नंबरला जोडलंय, व्हीएलॅन ५० (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क), आयपी स्टॅटिक, म्हणजे कायमचा ठरलेला. व्हीपीएनमधून झकास चालतं. पण यूपीएस आडवा झाला आणि वीज परत आली की पिंग बंद, हाकेला उत्तरच नाही. लिनक्स चालू, ईआरपी चालू, फक्त बीएमसी बेपत्ता. काकांनी सर्व्हरची पॉवर केबल अर्धा मिनिट काढून लावली की परत हजर. नेटवर्कची केबल बदलून झाली, स्विचचं पोर्ट बदलून झालं. काल एक विचित्र गोष्ट दिसली: स्विचच्या मॅक टेबलमध्ये (कोणतं उपकरण कोणत्या पोर्टवर ते दाखवणारा तक्ता) बीएमसीचा मॅक, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता, ११ वर नाहीच, ३ वर आहे. तिथे सर्व्हरचं साधं नेटवर्क पोर्ट, लॅन-१, जोडलंय.

दुसरं दुखणं म्हणजे आमच्या स्वतःच्या सीएचं (सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) सर्टिफिकेट बीएमसीवर चढवूनही क्रोम "नॉट सिक्युअर" म्हणतो. शिवाय वीज जाऊन आली की एलडॅपचं, म्हणजे कंपनीच्या सामाईक खात्यांचं, लॉगिनही मरतं, लोकल अ‍ॅडमिन तेवढा चालतो.

बायोस डिफॉल्टला नेऊन बघू का?

रात्रपाळी: बायोसला हात लावू नका. उत्तर तुमच्याच धाग्यात आहे, ३ नंबर. बीएमसीचा लॅन मोड फेलओव्हरवर असणार, म्हणजे आपलं पोर्ट नसेल तर दुसरं धरायचं. वीज आली की बीएमसी स्विचच्या आधी उठतो, आपल्या पोर्टवर लिंक शोधतो, ती नसते, मग लॅन-१ धरतो आणि पुढच्या रीसेटपर्यंत तिथेच बसतो. काका केबल काढतात तेव्हा स्विच आधीच चालू असतो, म्हणून जमतं. मोड डेडिकेटेड करा, म्हणजे फक्त आपलंच पोर्ट. सर्व्हर बंद करायला नको. लिनक्समधून आयपीएमआयटूल या प्रोग्रामने "एमसी रीसेट कोल्ड" द्या. ही आज्ञा नेटवर्कवरून नाही, बोर्डावरूनच जाते आणि फक्त बीएमसी रीस्टार्ट होतो.

आणि लॅन-१ वर कारखान्याचे सगळे पीसी असतील ना? तिथे बीएमसी उघडा पडणं बरं नव्हे. आयपीएमआय २.० मध्ये, म्हणजे बीएमसीशी बोलायच्या प्रोटोकॉलमध्ये, लॉगिनच्या बोलाचालीतच पासवर्डचा हॅश समोरच्याच्या हाती पडतो, दोष प्रोटोकॉलचाच. बीएमसीच्या वेब पानावर भागत असेल तर आयपीएमआयचं नेटवर्क पोर्ट, यूडीपी ६२३, बंद करून टाका.

टपरीवाला: बीएमसीचं वेब पान नावाने उघडता की आयपीने? क्रोमने २०१७ साली, ५८व्या आवृत्तीपासून, सर्टिफिकेटमधलं कॉमन नेम बघणंच सोडलं. सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम लागतं, आणि आयपीने उघडत असाल तर ते आयपी प्रकारातच हवं. डीएनएस प्रकारात आयपी लिहून मी एक अख्खा शनिवार घालवलाय. जुन्या बीएमसीच्या सीएसआर फॉर्मात (सर्टिफिकेट मागायचा अर्ज) हा रकाना नसतो, म्हणून प्रायव्हेट की आणि सीएसआर बाहेर ओपनएसएसएलने बनवा. आरएसए २०४८ घ्या, पासफ्रेज नको.

एलडॅपसाठी बीएमसीचं घड्याळ बघा आधी.

धागाकर्ता: घड्याळात १ जानेवारी १९७०! म्हणजे एलडॅप सर्व्हरचं सर्टिफिकेट त्याच्या लेखी अजून जन्मलेलंच नाही. एनटीपीला (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) बाहेरचा पत्ता दिला होता आणि व्हीएलॅन ५० ला इंटरनेटच नाही. गाढवपणा माझाच. जम्प सर्व्हरवर (ज्यातून आतल्या नेटवर्कमध्ये शिरतो) क्रोनी हा वेळ देणारा प्रोग्राम बसवून बीएमसीला तोच पत्ता दिला; तारीख आणि लॉगिन दोन्ही जागेवर.

डेडिकेटेड करून रीसेट दिला. दीडेक मिनिट पिंग गेलं, सोबत माझा जीवही. मग मॅक ११ वर आला. नंतर काकांना स्विच बंद ठेवून सर्व्हरची पॉवर केबल काढून लावायला सांगितली, मग स्विच चालू करायला लावला. ११ वरच. आयपी घालून नवं सर्टिफिकेट चढवलं, क्रोम गप्प झाला. उबंटूवरचा फायरफॉक्स तेवढा अजून कुरकुरतोय.

टपरीवाला: त्याचं सर्टिफिकेटांचं कपाट वेगळं असतं. सेटिंग्जमधून तुमचा सीए तिथे इम्पोर्ट करा.