परवान्याची खिडकी आणि सातबाऱ्याची ओळ

धागाकर्ता (नांदेड) : गेल्या हिवाळ्यात मिझोरमला गेलो, तेव्हा लेंगपुई विमानतळावर इनर लाइन परमिटच्या (बाहेरच्या नागरिकाला त्या राज्यात येण्यासाठी लागणाऱ्या परवान्याच्या) खिडकीपुढे रांग लावावी लागली. छायाचित्र, ओळखपत्र, शुल्क आणि हाती मुदत घातलेला एक कागद. ज्या १८७३ च्या नियमनातून ही पद्धत आली, ते इंग्रजांनी मुख्यतः आपला व्यापार आणि चहामळे सांभाळण्यासाठी केले होते. आज ती अरुणाचल, नागालँड, मिझोरम आणि डिसेंबर २०१९ पासून मणिपूरलाही लागू आहे. आदिवासींची जमीन बाहेरच्याला विकता येऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु देशाच्या नागरिकाने देशातच किती दिवस राहावे, हे खिडकीतल्या कारकुनाने ठरवावे, हे पटत नाही.

प्रतिसाद (किनवट) : निव्वळ जमिनीचा कायदा किती पुरतो, ते आमच्याकडे येऊन पाहावे. किनवट अनुसूचित क्षेत्रात आहे आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे १९७४ पासून आदिवासीची जमीन शासनाच्या मंजुरीविना बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. तरीही आमच्या शेजारच्या वाडीत सातबारा गोंडाच्या नावावर, शंभराच्या स्टँपवर नऊ वर्षांचा ठोका (ठरावीक रकमेवर जमीन कसायला देण्याचा करार), आणि तो खातेदार स्वतःच्याच वावरात सालदार, असे मी पाहिले आहे. त्याला उचल देणारा दुकानदार रीतसर भाड्याच्या खोलीत राहतो, जमिनीचा एक गुंठाही त्याच्या नावावर नाही. त्याला कोणता जमीन कायदा अडवणार? संविधानाच्या कलम १९(५) ने अनुसूचित जमातींच्या हितासाठी संचार आणि वास्तव्य या दोन्हींवर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा दिली आहे, ती काही उगाच नव्हे. त्रिपुरात हे कवच नव्हते. २०११ च्या जनगणनेत तिथल्या जमाती ३१.८ टक्क्यांवर आल्या होत्या.

प्रतिसाद (बीड) : त्रिपुरात फाळणीनंतर निर्वासित आले, जीव घेऊन पळणारा माणूस परवान्याच्या रांगेत उभा राहत नाही. आणि आमच्या जिल्ह्याचा विचार करा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयते निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात पाचटाच्या खोपीत राहतात. उद्या तिथल्या लोकांनी खिडकी उघडली, तर कागद कोण मिळवणार? मुकादम. म्हणजे मजूर आणखी त्याच्याच मुठीत.

प्रतिसाद (परभणी) : मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, तेव्हाचा मुल्की-गैरमुल्की वाद घरातल्या जुन्या माणसांकडून ऐकला असेल. पंधरा वर्षे वास्तव्य असलेला तो मुल्की आणि सरकारी नोकरी त्याला, असा नियम होता. तो डावलला जातो म्हणून १९५२ मध्ये तेलंगणात आंदोलन पेटले आणि गोळीबार झाला. मात्र तो नियम नोकरीपुरता होता, राहण्यावर बंदी नव्हती. दोन्हींची गल्लत नको.

धागाकर्ता : किनवटकरांचा सालदार माझ्याजवळ निरुत्तर आहे, हे कबूल करतो. परंतु तो ठोक्याचा स्टँप तहसीलच्या आवारातच लिहिला जात असेल, तर परवान्याचा कागदही तिथेच मिळेल.

किनवट : मिळेलही. मात्र त्यावर मुदत असेल. स्टँपवरची नऊ वर्षे आमच्याकडे दोनदा उलटून गेली आहेत, वावर अजून परत आलेले नाही.