4एल60-ई (जनरल मोटर्सचा चार गिअरचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स: इनपुट शाफ्टचा एंड प्ले दर वेळी वेगळा येतो, सल्ला हवा

नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये राहतो आणि माझ्याकडे 1995 ची शेव्हरोले पिकअप आहे. तिचे रिव्हर्स, दुसरा आणि चौथा हे तिन्ही गिअर एकदमच गेले, म्हणून गिअरबॉक्स उतरवून उघडला, तर सन शेल (आतल्या सन गिअरला फिरवणारा पत्र्याचा डबा) तुटलेले निघाले. नवे शेल आणि नव्या क्लच प्लेट घालून जोडणी केली आहे. मात्र इनपुट शाफ्टचा एंड प्ले (शाफ्टची लांबीच्या दिशेने होणारी मोकळी हालचाल) तीनदा मोजला, तेव्हा 0.031, 0.048 आणि 0.055 इंच अशी मापे आली. मर्यादा 0.005 ते 0.036 इंच आहे आणि सिलेक्टिव्ह वॉशर (एंड प्ले जुळवण्यासाठी वेगवेगळ्या जाडीत मिळणारा वॉशर) जुनाच, 69 क्रमांकाचा आहे. यांपैकी कोणते माप खरे धरून वॉशर बदलावा?

प्रतिसाद 1

वॉशर इतक्यात मागवू नका, कारण मापात एवढा फरक असेल तर दोष बहुधा मांडणीत असतो. गिअरबॉक्स उभा करून पंप (पुढच्या टोकाचा तेलपंप) वर ठेवल्यावर आउटपुट शाफ्टला खालून पक्का आधार दिला होता का? तो नसेल, तर इनपुट शाफ्ट दाबताना आउटपुट शाफ्टही खाली सरकतो आणि त्याची हालचाल तुमच्या मापात मिसळते.

केस ॲल्युमिनियमची असल्यामुळे डायल गेजचे चुंबकी स्टँड तिला चिकटत नाही. मी बेलहाउसिंगच्या (केसचा इंजिनला जोडणारा पुढचा भाग) भोकात जाड लोखंडी पट्टी बोल्टने आवळतो आणि स्टँड तिच्यावर बसवतो. गेजचा दांडा शाफ्टच्या टोकावर अगदी सरळ टेकला पाहिजे. पंप गास्केटसह बसवून सगळे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा, पण पंपाची बाहेरची मोठी ओ-रिंग आत्ता घालू नका, कारण पंप पुन्हा काढायचाच आहे. शाफ्ट खाली दाबून गेज शून्यावर आणा आणि मग शाफ्ट सरळ वर ओढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटल्यास तो तिरका होतो.

प्रतिसाद 2

वरील सल्ल्याशी सहमत आहे. नव्या शेलची जाडी आणि त्याच्याबरोबर आलेला थ्रस्ट वॉशर किंवा बेअरिंग जुन्याशी ताडून पाहा, कारण तिथला फरक थेट एंड प्लेमध्ये उतरतो. एखादे बेअरिंग उलटे बसले असेल किंवा राहून गेले असेल, तर जाड वॉशर घालून ती चूक फक्त झाकली जाईल. पंपाला लागून असलेला कानवाला प्लॅस्टिक वॉशर सिलेक्टिव्ह नसतो, त्याला हात लावू नका. बदलायचा तो इनपुट ड्रमवरचा. हे वॉशर 67 ते 74 क्रमांकांचे येतात आणि प्रत्येक क्रमांकामागे जाडी सुमारे 0.17 मिमीने वाढते. जुना वॉशर झिजलेला असू शकतो, म्हणून क्रमांकावर न जाता तो मायक्रोमीटरने मोजा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आउटपुट शाफ्टला आधारच नव्हता. तो दिल्यावर सलग तीनदा 0.041, 0.041 आणि 0.042 इंच असे माप आले. सगळी बेअरिंग्ज पुन्हा उघडून पाहिली, ती योग्य जागी आहेत. नवे शेल जुन्यापेक्षा किंचित पातळ निघाले. 69 ऐवजी 72 क्रमांकाचा वॉशर, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त जाडीचा, पेट्रोलियम जेलीने चिकटवून बसवला. आता गेज 0.021 इंच दाखवते आणि शाफ्ट हाताने मोकळा फिरतो. उद्या ओ-रिंग घालून पंप कायमचा आवळतो.