पेनी रेडवरचा '७७' खरा आहे का, हे कसे ठरवावे?

जुना_अल्बम:
मामांच्या संग्रहातला एक अल्बम नुकताच माझ्याकडे आला असून त्यात व्हिक्टोरिया राणीच्या काळातील ब्रिटनच्या एक पेनी किमतीच्या तांबड्या तिकिटांची (पेनी रेडची) दोन पाने भरलेली आहेत. त्यांपैकी एका तिकिटाच्या डाव्या बाजूच्या नक्षीत भिंगातून पाहिले असता मला '७७' असा आकडा दिसतो. उजव्या बाजूवर टपालाचा काळा शिक्का इतका गडद बसला आहे की तिथले काहीच नीट वाचता येत नाही. खालच्या कोपऱ्यांत डावीकडे एफ आणि उजवीकडे के, तर वरच्या कोपऱ्यांत हीच अक्षरे उलट क्रमाने आहेत. शिवाय राणीच्या हनुवटीखाली टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका आहे. प्लेट ७७ ची, म्हणजे ७७ क्रमांकाच्या धातूच्या छपाई-ठशावरून छापलेली, तिकिटे अतिशय दुर्मिळ असतात असे वाचनात आल्यामुळे दोन गोष्टी विचारतो: हा आकडा खरा आहे हे कसे ठरवावे, आणि तो ठिपका छपाईतील दोष म्हणून नोंदवण्याजोगा आहे का?

भिंगवाले:
आधी अक्षरांचा अर्थ सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. या तिकिटांच्या एका पत्र्यावर, म्हणजे छापील कागदावर, २४० तिकिटे असत, म्हणजे बारा-बारांच्या वीस ओळी. त्या काळी २४० पेन्यांचा एक पौंड होत असल्याने पूर्ण पत्रा एक पौंडाचा आणि एक ओळ एक शिलिंगाची, असा टपाल कारकुनाच्या सोयीचा हिशेब होता. खालच्या डाव्या कोपऱ्यातील अक्षर ओळ सांगते आणि उजव्या कोपऱ्यातील अक्षर त्या ओळीतील स्थान, म्हणून तुमचे तिकीट सहाव्या ओळीतील अकरावे आहे. वरच्या कोपऱ्यांतही अक्षरे आहेत, याचा अर्थ ते १८६४ पासून वापरात आलेल्या प्लेटांपैकी एकीवरचे आहे. त्याआधीच्या तिकिटांवर वरच्या कोपऱ्यांत तारे असत आणि प्लेट क्रमांक तिकिटावर नसे.

या मालिकेत ७१ ते २२५ हे क्रमांक येतात. ७५, ७७, १२६ आणि १२८ या प्लेटा नापसंत ठरल्याने रीतसर वापरात आल्या नाहीत, तरीही ७७ ची मोजकी तिकिटे बाहेर पडली. ज्ञात प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असून एक ब्रिटिश लायब्ररीतील टॅपलिंग संग्रहात आहे. त्यामुळे जुन्या अल्बममध्ये '७७' दिसला की तो बहुधा १७७ असतो, आणि क्वचित ७३ किंवा ७८.

तिकीट आडवे धरून आकडा पुन्हा वाचा. दोन अंकी क्रमांक नक्षीच्या मधोमध बसतो, तीन अंकी क्रमांकाला जास्त जागा लागते. तुमचे दोन सात मध्यापासून एका टोकाकडे सरकलेले असतील आणि दुसऱ्या टोकाला नक्षी पुसट किंवा शाईने भरलेली असेल, तर तिथे एक हा अंक लपला आहे असे समजावे. १७७ मधला एक खरवडून ७७ केल्याचे प्रकारही जुने आहेत, म्हणून पाठीमागून उजेड धरून त्या जागी कागद पातळ झाला आहे का, हेही पाहावे.

नाशिककर:
ठिपक्याबद्दल लिहितो, कारण या विषयात गोंधळ फार आहे आणि विक्रेत्यांच्या जाहिरातींनी तो वाढवला आहे. पांढऱ्या ठिपक्याचा अर्थ तिकीट कोणत्या पद्धतीने छापले आहे यावर ठरतो. पेनी रेड पोलादी प्लेटमध्ये कोरलेल्या खाचांतून छापले जाई. शाई खाचेत बसते आणि दाबाखाली ओला कागद ती उचलून घेतो. अशा प्लेटवर ओरखडा पडला किंवा खड्डा झाला तर तिथेही शाई साठते आणि तिकिटावर रंगीत डाग उमटतो. तो डाग दुरुस्ती होईपर्यंत प्रत्येक पत्र्यावर त्याच जागी येत राहतो. पांढरा ठिपका मात्र बहुतेक वेळा कागदावरच्या तंतूचा, कचऱ्याच्या कणाचा किंवा घडीचा परिणाम असतो आणि पुढच्याच पत्र्यावर नाहीसा होतो. पंचम जॉर्जची आपल्याकडची तिकिटे उठावाच्या पृष्ठभागावरून छापली जात, तिथे नेमके उलट होते: उठावाला खोक पडली की शाईच लागत नाही आणि पांढरी तूट वारंवार छापली जाते. (ही तिकिटे हाताशी असतील तर जलचिन्हही, म्हणजे उजेडात धरल्यावर कागदात दिसणारे चिन्हही, पाहा. लंडनच्या छपाईत सहसा प्रत्येक तिकिटावर एकच तारा असतो, तर १९२६ पासूनच्या नाशिकच्या छपाईत ताऱ्यांची रांग कागदभर पसरलेली दिसते.)

म्हणून माझी कसोटी एकच आहे. दोष प्लेटचा आहे असे म्हणायचे असेल, तर त्याच प्लेटवरच्या त्याच जागेचे दुसरे तिकीट दाखवता आले पाहिजे. पेनी रेडमध्ये ती सोय अक्षरांनी आयती करून ठेवली आहे. क्रमांक आणि एफ-के ही अक्षरे जुळणारे दुसरे तिकीट मिळवा आणि हनुवटीखाली पाहा. तिथे काही नसेल तर तुमच्या ठिपक्याला कुतूहलापलीकडे किंमत नाही.

टपालवेडा:
वरील उत्तरांत थोडी भर घालतो. रंग किंचित सरकणे, दाते एका बाजूला झुकणे, शाई फिकी पडणे, हे सगळे छपाईच्या दिवसाचे अपघात असून त्यांना 'चूक' म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते. खरी चूक म्हणजे १८५४ चे चार आण्यांचे तिकीट. कलकत्त्यात ते दोन रंगांत, दोन वेळा कागद चढवून छापले गेले आणि काही प्रतींत तांबड्या चौकटीत राणीचे निळे डोके उलटे आले. याउलट १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतील एक आण्याच्या बोधिसत्त्वाचे चित्र आरशात पाहिल्यासारखे उलट छापले गेले होते आणि ते १९५० मध्ये सुधारण्यात आले. चूक उघड होती, परंतु ती चित्रातच असल्याने सुधारणेपर्यंतच्या प्रत्येक तिकिटावर आली आणि म्हणूनच ती तिकिटे सहज मिळतात.

आणखी एक खबरदारी घ्यावी. १८४१ च्या दाते नसलेल्या पेनी रेडमध्येही ७७ क्रमांकाची एक प्लेट होती आणि तिच्यावर दुसऱ्या ओळीच्या पहिल्या तिकिटात ए हे अक्षर ठोकायचे राहून गेले होते. तेही संग्राहकांत प्रसिद्ध आहे, त्यामुळे 'प्लेट ७७' वर लिहिलेले वाचताना कोणत्या मालिकेबद्दल चालले आहे हे आधी पाहावे.

जुना_अल्बम:
आपण सांगितल्याप्रमाणे तिकीट आडवे धरून तिरप्या उजेडात पाहिले. डावीकडचे दोन सात स्पष्टपणे एका टोकाला सरकलेले आहेत. उजवीकडे शिक्क्याच्या शाईखाली तीन उभ्या खुणा जाणवतात, मात्र पहिली खूण अंकाची की नक्षीची हे मला सांगता येत नाही. कागद कुठेही पातळ झालेला नाही. शिक्का सौम्य रसायनाने थोडा फिका केला तर चालेल का?

भिंगवाले:
कृपया शिक्क्याला हात लावू नका. शाई काढण्याच्या खटपटीत तांबडा रंगही बदलतो, आणि शिक्का पुसलेले तिकीट तज्ज्ञांना संशयास्पद वाटते. तुमच्या वर्णनावरून ते १७७ आहे, आणि कागद शाबूत असल्याने कोणी फसवणूक केलेली नाही, केवळ शाईने अंक झाकला गेला आहे. अंक मध्यभागी असते तर मी ते लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीकडे प्रमाणपत्रासाठी पाठवायला सांगितले असते. या तिकिटासाठी तो खर्च करू नये. त्याऐवजी उरलेल्या दोन पानांवरील प्रत्येक तिकिटाचा क्रमांक वाचून यादी करा आणि अखेरची प्लेट २२५ मिळते का ते पाहा. १८८० च्या आरंभी नवे तिकीट आल्याने ती थोडाच काळ वापरात राहिली, आणि ७७ खालोखाल तिलाच मागणी असते.