मदत हवी आहे: पाच अक्षरी इंग्रजी शब्द, क्यू हवा, यू नको

नमस्कार मंडळी,

नातीशी पैज लावली आणि तोंडघशी पडायची वेळ आली आहे. नात आठवीत. सुट्टीला येताना स्क्रॅबलचा (इंग्रजी अक्षरांचे ठोकळे जोडून शब्द लावायचा खेळ) डबा घेऊन आली. शंभर ठोकळ्यांत क्यू एकच, पण दर डावाला तो माझ्याच वाट्याला येतो. दहा गुणांचं अक्षर, पण सोबत यू नसला की नुसता जड. यू शंभरात चारच, ते ती आधीच संपवते. डाव संपताना क्यू माझ्याकडेच राहिला की माझे दहा वजा, आणि ती आधी सुटली तर तेच दहा तिला जमा.

काल मी चिडून म्हटलं, यूशिवाय क्यूचे शब्द असतातच कुठे? तर म्हणाली, "आज्जी, पाच अक्षरीच दहा शोधून दाखव. रविवारपर्यंत." हरले तर अळूवडी मी करायची, जिंकले तर ती करणार. (तिला अळूचं पान कुठल्या बाजूनं सारवायचं हेसुद्धा माहीत नाही, तो भाग वेगळा.)

माझी शाळा मराठी माध्यमाची, नोकरी ३१ वर्षं महसूल खात्यात. घरातल्या जुन्या शब्दकोशात क्यूच्या पानांवर जिकडेतिकडे यूच. डोकं खाजवून दोन काढले, कतार आणि इराकी. दोन्ही पाच अक्षरी, यू नाही. पण विशेषनामं चालत नाहीत म्हणून तिनं खोडले. मोबाइलवर आयती यादी काढायची नाही अशी अट आहे. माणसांना विचारायचं नाही असं मात्र ती म्हणालेली नाही.

प्रतिसाद: क्वीन घ्या की, पाच अक्षरी आहे.

धागाकर्ती: अहो, क्वीनमध्ये दुसरंच अक्षर यू आहे.

प्रतिसाद: आज्जी, इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीत विचार करा. इंग्रजीत क्यूनंतर यू येतो तो लॅटिन-फ्रेंच वळणामुळे. ज्या शब्दांत येत नाही ते बहुतेक अरबी, फारसी, तुर्की, हिब्रू किंवा चिनी भाषांतून आलेले. अरबीत घशातून उच्चारायचा एक 'क' आहे, त्याला काफ म्हणतात. रोमन लिपीत तो क्यूनं दाखवतात. आपण त्याला साधा क करून कधीच घरात घेतला, म्हणून ओळखू येत नाही.

फकीर घ्या. एफ-ए-क्यू-आय-आर, सतरा गुण. तलाक, टी-ए-एल-ए-क्यू. नकाब इंग्रजीत एन-आय-क्यू-ए-बी असा जातो. कोर्मा म्हणजे क्यू-ओ-आर-एम-ए (के घालूनही चालतो, पण मग दहाचे पाच होतात). किब्ला ही नमाजाची दिशा, क्यू-आय-बी-एल-ए. झाले पाच. हे सगळे कॉलिन्सच्या स्क्रॅबल यादीत (खेळात चालणाऱ्या शब्दांच्या कोशात) आहेत.

प्रतिसाद: सहावा माझ्याकडून. कनात, क्यू-ए-एन-ए-टी. तंबूची नव्हे, इराणातला जमिनीखालचा पाण्याचा बोगदा. बऱ्हाणपूरचा खुनी भंडारा त्याच पद्धतीचा. एकदा पाहून या, उभ्या विहिरींची रांग आणि खालून वाहतं पाणी.

प्रतिसाद: आणि बुरखा कसा विसरलात? बी-यू-आर-क्यू-ए.

प्रतिसाद: विसरलो नाही, मुद्दाम गाळला. यू आहे त्यात. क्यूच्या नंतर नाही, आधी आहे, पण पैजेत "यू नको" म्हटलंय. आठवीतली पोर सोडणार नाही. एरवी खेळताना मात्र जरूर लावा.

धागाकर्ती: अगं बाई! फकीर, तलाक, नकाब... हे शब्द मी रोज ऐकलेत आणि शब्दकोशात क्यूखाली नि केखाली शोधत बसले होते. मग तालुका, कायदा, हक्क, बाकी, नक्कल यांचं काय? आमचं दप्तर याच शब्दांनी भरलेलं असायचं.

प्रतिसाद: मुळात त्या सगळ्यांत तोच काफ आहे, पण इंग्रजांनी प्रत्येकाला क्यू दिला नाही. तालुका त्यांनी केनं लिहिला. टी-ए-एल-यू-के असा पाच अक्षरी चालतो, पण तुमच्या पैजेत निरुपयोगी. तुमच्या कचेरीतलं एक मात्र आहे, कलमदान, क्यू लावून. आठ अक्षरं, म्हणून इथं नाही. कव्वालीही आहे, सात अक्षरी. तिला डब्यातले दोन्ही डब्ल्यू लागतात. सातही ठोकळे एकदम लागले तर बावीस अधिक बक्षिसाचे पन्नास. मी पंधरा वर्षं वाट बघतोय, अजून जमलेलं नाही.

उरलेले चार असे. ट्रँक, टी-आर-ए-एन-क्यू, शामक औषधाचं बोलीतलं छोटं नाव. बाकी तीन अनेकवचनं. काझीचा क्यू-ए-डी-आय, पुढे एस. कायदे-आझममधला कायद (म्हणजे नेता), क्यू-ए-आय-डी, पुढे एस. आणि कोफ हे हिब्रू अक्षर, अरबी काफचंच भावंड, क्यू-ओ-पी-एच, पुढे एस. मोजा, बरोबर दहा.

जाता जाता एक, पैजेसाठी नाही. क्यू-आय हा दोन अक्षरी शब्दही चालतो, चिनी लोक ज्याला प्राणशक्ती म्हणतात तो. यापुढे क्यू आला आणि आय हातात असला तर यूची वाट बघत बसू नका.

प्रतिसाद: अनेकवचनं धरायची की नाही, हे आधी ठरवून घ्या. आमच्याकडे यावरून दोन दिवस अबोला होता.

धागाकर्ती: मंडळी, आज सकाळी वहीवर लिहून दहा शब्द तिच्यापुढे ठेवले. फकीर वाचून हसली, कोर्म्याला "हा तर मेन्यूकार्डावर असतो" म्हणाली. एसवर तिनं कुरकूर केली, पण परवाच तिनं स्वतः एस लावून माझ्या शब्दाचे गुण लाटले होते, ते आठवण करून दिल्यावर गप्प. ट्रँकवर मात्र अडून बसली, असा शब्द नाहीच म्हणे. शेवटी तिनंच तिच्या बाबाला फोन करून कॉलिन्समध्ये बघायला लावलं. आहे!

अळूची पानं आणायला तिला मंडईत पिटाळलंय. काळ्या देठाची आण म्हणून तीनदा सांगितलंय, आता बघू काय घेऊन येते.